डोणीत काय लावायचं

जाफराबादकडच्या एका कचेरीत भुजंग माळीकाम करायचा. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या पेशकाराची, म्हणजे साहेबांच्या मुख्य कारकुनाची, नातवंडं अजून बाजारात भेटतात. राज्य निजामाचं होतं आणि तहसीलदारसाहेबांना नुकतीच मोटार मिळाली होती. त्यामुळं घोडा गेला, आणि घोड्याला पाणी पाजायची दगडी डोण ओसरीत साहेबांच्या खिडकीखाली रिकामी पडली. लांबीला माणूस आडवा होईल एवढी, खोलीला जेमतेम वीतभर. ओसरीचं तोंड उत्तरेला, वरून पडवी उतरलेली. तिथं ऊन कधी पोचलंच नव्हतं.

साहेब हैदराबादेत कुणाच्या तरी बंगल्यावर जेवून आले आणि येताना खूळ घेऊन आले.

"इसमें हरा लगाओ. बारा महिने हरा. और खिडकी के ऊपर एक पत्ता नहीं."

दिवाळीनंतर जिल्ह्याचे मालक, म्हणजे अव्वल तालुकदार, दौऱ्यावर येणार होते. तोवर डोण हिरवी दिसली नाही तर भुजंगानं खुरपं उचलून घरी जायचं, एवढं साहेबांनी बराबर मराठीत सांगितलं.

भुजंगानं आधी दूर्वा लावल्या. सावलीत त्या कावीळ झाल्यागत पिवळ्या पडल्या. थोड्या हिरव्या तगल्या, त्या पेशकार जगन्नाथपंतांनी गणेशचतुर्थीला उपटून नेल्या.

"देवाचं देवाला," पंत म्हणाले.

"पंत, अन् माझी नोकरी कोनाला?"

मग त्यानं पुदिना लावला. सावली मानवली, वीतभर माती पुरली, महिन्यात डोण भरली. चपराशी कचरू रोज भाकरी सोडायला ओसरीतच बसायचा. आठ दिवसांत पुदिन्याची चटणी झाली आणि डोणीत नुसते खुंट राहिले. तिसऱ्या खेपेला पानओवा. जाड, लुसलुशीत पान, वर जात नाही, पसरतो. पंतांच्या घरी पाहुणे आले, पानओव्याची भजी तळली गेली. भुजंगाच्या वाट्याला एक भजं आलं. ते चांगलं झालं होतं, याचा त्याला आणखी राग आला.

घरी येऊन तो भिंतीला टेकला.

"गोजर, मला असं झाड पाह्यजे, जे सावलीत बसंल, बारा महिने हिरवं राहील, अन् कोनाच्याच काही कामाचं न्हाई."

गोजरबाई पीठ मळत होती. "असं एक हाय की. जगन्नाथपंत म्हनत्यात त्याला. लावा डोणीत."

"चेष्टा करू नको. पंधरा दिवस राह्यलेत."

"मंग विहिरीत पाहा. परवा पाण्याला गेल्ते. आतल्या भिंतीला दगडाच्या फटीत हंसराज लटकलाय. ना ऊन, ना माती. शेळी बी तोंड लावत न्हाई त्याला."

भुजंगानं कपाळावर हात मारला. तीस वर्षं माळीकाम करून हे बायकोनं सांगावं! सकाळी कमरेला दोर बांधून तो विहिरीत उतरला. दोराचं दुसरं टोक गोजरबाईनं रहाटाच्या खांबाला वेढा घालून धरलं. मुळाला चिकटलेल्या चिखलासकट त्यानं हंसराज सोलून काढला. डोणीच्या बुडाला विटांचे तुकडे, वर पाचोळ्याचं खत, त्यात पडक्या भिंतीचा जुना चुना. हंसराज आपल्या घरी आल्यासारखा बसला. काळ्या केसांसारखे देठ, वर बारीक हिरवी पानं, उंची हातभरसुद्धा नाही.

तरी भुजंगाला झोप नव्हती. या कचेरीत फुकटची वस्तू कुणी सोडत नाही, उपयोग मागाहून शोधतात. तो कचरूला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "याला हात लावू नको बाबा. जो तोडतो, त्याचे केस जात्यात."

"भुजंगदादा, येडा समजता का मला?"

भुजंगानं पटका काढला. गावात त्याचं उघडं डोकं बायकोशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. ते कलिंगडासारखं तुळतुळीत होतं.

"परवा विहिरीत गेल्तो, तवा भरगच्च होते."

कचरूनं दोन्ही हातांनी मिशी झाकली. दुपारपर्यंत बातमी पंतांच्या शेंडीपर्यंत पोचली. पंत डोणीला वळसा घालून जाऊ लागले.

अव्वल तालुकदार आले ते खोकतच. वाटभर धूळ खाल्ली होती. बोलायला तोंड उघडलं की खोकला बाहेर यायचा. संगती एक म्हातारे हकीमसाहेब होते. ओसरीत पाय ठेवला आणि ते थबकले.

"वाह! ये यहां कैसे?"

दोन्ही मुठींनी त्यांनी हंसराज उपटायला घेतला. "केस! हुजूर, केस!" कचरू ओरडला, पण हकीमसाहेबांना मराठी येत नव्हती. मोठ्या साहेबांच्या खोकल्यासाठी काढा उकळला. डोणीत विटांचे तुकडे दिसायला लागले.

तहसीलदारसाहेब बोडक्या डोणीकडं बघत होते. मग त्यांनी भुजंगाकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच भुजंगानं खुरपं उचललं.

तिकडं आत मोठे साहेब गरम दूध पिऊन न खोकता सलग बोलले. रात्री झोप लागली म्हणाले. कचेरीत औषध लावायची ही अक्कल कुणाची?

"हुजूर, माझीच," तहसीलदारसाहेब लगेच म्हणाले.

"बहोत खूब. दर आठवड्याला एक जुडी आमच्याकडं पाठवत जा. बिलकुल खंड नको."

तहसीलदारसाहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं. हंसराज कुठून येतो, कसा येतो, हे त्यांना काडीमात्र ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो खुरपं घेऊन फाटकापर्यंत पोचला होता. ते स्वतः पळत गेले. मोटार असून पळाले.

"भुजंग! अरे, कुठं चाललास?"

"घरी, हुजूर. डोण हिरवी न्हाई."

"डोणीला आग लाव! हंसराज आण!"

"आणतो. पन दोर जुना झालाय."

"नवा घे. कचेरीतून घे."

दुपारी नवा दोर कमरेला बांधून भुजंग विहिरीच्या काठावर बसला. गोजरबाईनं खांबाला वेढा घातला, दोर ताणून पाहिला. भुजंगानं पाय आत सोडले आणि काठ सोडून लटकला. दोर काही सरकेना.

"सोड की गं."

"आधी सांगा. मोठ्या सायबानं विचारलं, अक्कल कोनाची, तवा तुम्ही माझं नाव का न्हाई घेतलं?"

"मी फाटकाकडं निघाल्तो!"

"मंग लटका तिथंच थोडं."