तिला सगळं ऐकू येतंय

संचिता सकाळी उठली ती पोट धरूनच.

"आये, पोटात दुखता."

रसिका चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. त्या दिवशी शाळेत गणिताची चाचणी होती, आणि चाचणीच्या दिवशी आठ वर्षांच्या पोरीचं पोट दुखणं तिला नवीन नव्हतं. तिने चिमूटभर ओवा दिला. "चावून खा. थोड्या वेळान बरा वाटतला."

मंगेश होडीवरून परतला तेव्हा साडेसात झाले होते. पोरगी पडवीतल्या चटईवर पुन्हा आडवी झालेली. ओल्या हातांनीच त्याने तिला हलवलं. "ऊठ गो! सोंगां नको करू. शाळेत जावचा नाय तुका?"

संचिता उठून बसली. पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या.

"बाबा, डोळे उघडणत नाय."

तो हसला. "रातभर जागा ऱ्हवलंस तर कशे उघडतले?"

रसिकाने पाण्याचा पेला आणून तिच्या तोंडाला लावला. पाणी आत गेलं आणि ओठांच्या कडेने तसंच बाहेर आलं. संचिताने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. पोरीला गिळता येत नव्हतं. ती काहीतरी बोलली, पण जीभ जड झालेली, शब्द कळेना.

मंगेशचं हसू तिथेच विरलं.

शेजारच्या लवूची रिक्षा होती. तिघं तशीच, अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. कुणकेश्वरच्या फाट्यावर मंगेशने देवाला हात जोडले. नेहमी तो डोळे मिटायचा, आज मिटले नाहीत. त्याची नजर संचिताच्या छातीवर होती. ती वरखाली होतेय की नाही, एवढंच तो बघत होता.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी तिची पापणी बोटाने उचलली, सोडली. ती खाली पडली.

"रात्री कुठे झोपली होती?"

"पडवीत. खाली चटईवर," रसिका म्हणाली. "लाईट गेलेली. उकडत होतं, म्हणून मीच म्हटलं, बाहेर झोप."

"काही चावलं?"

"नाही. काहीच नाही. ओरडलीसुद्धा नाही."

नर्सने पोरीचं सगळं अंग तपासलं. ना दाताची खूण, ना सूज.

"मण्यार असणार," डॉक्टर म्हणाले. "झोपेत चावते. दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही."

गावात तिला कांडर म्हणतात. रसिकाने लहानपणापासून ऐकलं होतं, कांडर चावलेला माणूस झोपतो तो उठत नाही. तिने दोन्ही हातांनी खाटेची कड धरली.

मंगेशला मात्र दोन वर्षांपूर्वीचा ताप आठवत होता. तेव्हा पोरीला इथेच सलाईन लावलं होतं, दुपारी तिच्या तोंडावर रंग आला होता आणि संध्याकाळी ती बिस्किटं खात घरी आली होती. दवाखाना म्हणजे त्याच्या लेखी तेवढंच. "साहेब, इंजेक्शन दिलंत ना? मग संध्याकाळपर्यंत नेऊ घरी?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "औषध सुरू केलंय. पण तिचा श्वास बंद पडू शकतो. आमच्याकडे श्वासाचं मशीन नाही. जिल्ह्याला न्यावं लागेल. आत्ताच."

अँब्युलन्समध्ये वाटेतच श्वास मंदावला. सोबतच्या डॉक्टरांनी तिच्या तोंडावर मास्क दाबून धरला आणि रबरी फुगा दाबायला सुरुवात केली. दाबायचा, सोडायचा. दाबायचा, सोडायचा. रसिका पोरीचे तळपाय धरून बसली होती. ते गार होते. प्रत्येक वळणावर गाडी कलली की डॉक्टरांचा हात फुग्यावरून सुटेल, असं तिला वाटायचं.

मोठ्या दवाखान्यात संचिताला आत नेलं आणि दार बंद झालं. आपल्याला आत घेतील, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसता येईल, असं रसिका धरून चालली होती. तिला कोणी अडवलं असंही नाही; फक्त दार बंद झालं. तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, थकलेल्या.

"नळी घातली आहे. श्वास आता मशीन देतंय."

"बरी होईल ना?" मंगेशने विचारलं.

"आत्ता सांगता येणार नाही. पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे."

डॉक्टरने 'होईल' म्हणायचं असतं, असं मंगेशला वाटत होतं. खोटं का होईना. तो त्यांच्या मागोमाग चार पावलं गेला आणि आपल्या गावच्या, मिठबावच्या बोलीतच म्हणाला, "बाई, एकच चेडू आसा माका. बरा होतला मा?" त्या थांबल्या, त्यांनी त्याच्या दंडाला हात लावला आणि त्या आत गेल्या.

दुपारी दोघांना आत सोडलं. संचिता खाटेवर होती. तोंडात नळी, ती चिकटपट्टीने गालाला लावलेली. पापण्या मिटलेल्या. हाताचं बोटही हलत नव्हतं. मंगेशने हात उचलला आणि सोडला, तर तो गादीवर नुसता पडला. पाण्यातून काढलेली, दम संपलेली मासळी त्याने रोज हाताळलेली.

"गेला," तो म्हणाला. "रसिका, आपला चेडू गेला. ह्या मशीनच हलयता तेका."

"ओ! गप ऱ्हवा!" पलीकडून सिस्टर धावत आली. अक्षया तिचं नाव, कुडाळकडची. "काय बोलतात तुम्ही? तेका सगळा आयकाक येता!"

मंगेशला कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी बाहेर नेऊन समजावलं. विषाने स्नायू बंद पडलेत, मेंदू नाही. झोपेचं औषध देतात, पण मधूनमधून ती पूर्ण जागी असते. "तिला ऐकू येतं, स्पर्श कळतो. फक्त डोळे उघडता येत नाहीत, सांगता येत नाही. म्हणून तिच्याशी बोला."

मंगेश भिंतीला टेकून खाली बसला. आतापर्यंत त्याला पोर मरेल याची भीती होती. आता त्याहून वाईट काहीतरी त्याच्यासमोर आलं. पोर जिवंत होती, अंधारात होती, आणि त्या अंधारात तिने बापाच्या तोंडून ऐकलं होतं की ती मेली.

तो पुन्हा आत गेला नाही. "माझो आवाज आयकलान तर भियातला ता," म्हणायचा.

रसिका बोलत राहिली. रडायचं नाही, एवढं अक्षयाने बजावलं होतं. आधी तिला काय बोलावं तेच सुचेना. मग तिने मांजरीचं सांगितलं, पिल्लं कुठे लपवलीत ते. चाचणी पुढे ढकलली म्हणून खोटंच सांगितलं. माडावरून नारळ पाडायला कोण आलं होतं, पेडवे मासळीचं तिखलं कसं करतात, सगळं. घसा बसला तरी ती बोलत होती. बोलणं थांबलं की मशीनचा आवाज तेवढा उरायचा, आणि त्या आवाजात पोर एकटी राहील, याची तिला धास्ती वाटायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा आवाज पुरता गेला. ती बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. ओठ हलवत, जवळजवळ बिनआवाजाची म्हणाली, "आता तुम्ही."

"माका जमाचा नाय."

"मगे तेणा कोणाचा आयकाचा?"

मंगेश आत गेला. मग वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "संचू, मी बाबा." मॉनिटरवरचा ठोक्यांचा आकडा भराभर चढला. तो घाबरून मागे सरला. अक्षया म्हणाली, "वळाखला तेणा. बोला."

"मी खोटा बोललंय गो त्या दिवशी. तू जिवंत आसस. मी भियालंय, म्हणान तोंडातून गेला. माका काय कळणा नाय. डॉक्टरांका कळता." त्याने तिचा हात हातात घेतला आणि तसाच धरून राहिला. आकडा चढलेलाच होता. तो उतरायला किती वेळ लागला, ते त्याने पाहिलं नाही.

त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिला पायाचा अंगठा हलवायला सांगितलं, आणि तो हलला; इतका थोडा, की रसिकाला आधी खरंच वाटेना. पापण्या उघडायला आणखी दोन दिवस लागले. आठव्या दिवशी नळी काढली.

पहिले दोन दिवस संचिता घोगऱ्या आवाजात फक्त पाणी मागायची. तिसऱ्या दिवशी मंगेश तिला पेज भरवत होता तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हटलात मी गेलंय, तेव्हा माका खरा वाटला."

चमचा तसाच राहिला.

"मी आरडत होतंय. मी हय आसंय म्हणान. कोण आयकतच नाय." ती थांबली, गिळली. गिळताना अजून तिला दुखत होतं. "मगे आये मांजरीचा सांगूक लागली. मेलेल्याक कोण मांजरीचा सांगता?"

मंगेशने पेजेची वाटी खाली ठेवली. माफी मागायचे शब्द त्याने कितीतरी दिवस जुळवून ठेवले होते. त्यातला एकही आठवला नाही. "आजून दोन घास खा," एवढंच तो म्हणाला. तिने खाल्ले.

पंधराव्या दिवशी घरी सोडलं. संचिता आता मच्छरदाणी लावलेल्या खाटेवर झोपते, आणि डोळे मिटल्यावर कोणीतरी बोलत राहिलेलं तिला लागतं. रसिका थकते तेव्हा मंगेश बसतो. समुद्राचं, वाऱ्याचं, मिळालेल्या मासळीचं सांगतो. ती झोपली असं वाटलं तरी तो लगेच उठत नाही. खात्री नसते त्याला.