एकाच डब्यातल्या मोटरी

मित्रांनो, पुढचा बंपर तारेने बांधलेली, अंगभर ओरखडे मिरवणारी मी एक जुनी, रिमोटवर धावणारी शर्यतीची गाडी आहे. वय झाले म्हणून मला मोडीत काढू नका. अजून मी भुर्रकन पळते!

कारखान्यातून मी निघाले ती सुट्या भागांनी भरलेले खोके होऊन. एका परिचारिकेने मला आपल्या सासऱ्यांसाठी घरी आणले. ते निवृत्त बसचालक. सगळे त्यांना आजोबाच म्हणत. पत्नी गेल्यापासून ते दिवसभर खिडकीशी गप्प बसून असत. "बाबा, मला एकटीला हे जमायचं नाही," असे म्हणून सूनबाईने खोके त्यांच्यापुढे उपडे केले. दोघांनी जेवणाच्या टेबलावर मला जोडले. रंग संपला, तेव्हा सूनबाईने माझे छप्पर नेलपॉलिशने रंगवले. त्या दिवशी आजोबा खूप दिवसांनी हसले.

दर रविवारी एका गोदामामागच्या अंगणात आमच्या शर्यती होत. बेकरीवाला, गाण्याच्या बाई, दातांचे डॉक्टर, अशी डझनभर मंडळी जमत. आजोबा प्रत्येक वळणावर मला हळू करत. कुणी हसले, की म्हणत, "अहो, आतले प्रवासी पडतील ना!" आम्ही क्वचितच जिंकायचो, पण घरी जाताना आजोबा शीळ घालायचे.

पुढे डॉक्टरांनी एक महागडी मोटर आणली. त्यांची गाडी बाणासारखी सुटली आणि आम्ही धूळ खात राहिलो. मग बेकरीवाल्याने त्याहून भारी मोटर घेतली. डॉक्टरांनी नवे टायर घेतले. चढाओढ काही थांबेना. गाण्याच्या बाई येईनाशा झाल्या. हळूहळू बेकरीवालाही थकला. अंगण ओस पडू लागले.

एके सकाळी आजोबा हळूच म्हणाले, "सूनबाई, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू या. त्या पैशांत आधी मोटर घेतो."

"आणि समोरचं वळण दिसलं नाही, तर ती मोटर घालणार कुठे? भिंतीत?" सूनबाईने विचारले.

ऑपरेशन झाले. नवी मोटर राहून गेली आणि मी माळ्यावर गेले. मित्रांनो, आपटण्याचे दुःख मला कधी वाटले नाही. पण कुणी आपल्याला विसरत चालले आहे, हे फार लागते. खाली आजोबा पुन्हा खिडकीशी बसू लागले होते.

ते सूनबाईला बघवेना. एका रविवारी तिने मला खाली काढले, पिशवीत घातले आणि तडक अंगण गाठले. तिथे डॉक्टर आणि दोघेतिघेच होते.

"सगळ्यांनी मिळून साध्या, एकसारख्या मोटरी घेऊ," ती म्हणाली. "एका डब्यात ठेवू. शर्यतीआधी डोळे मिटून एक उचलायची, शर्यत संपली की परत टाकायची. टायरही सगळ्यांचे सारखेच."

डॉक्टर तडकले. "मी माझ्या पैशानं घेतो. कुणाचं काय बिघडलं?"

"काहीच नाही, डॉक्टर. फक्त तुमच्याशी खेळायला कुणी उरलं नाही."

डॉक्टर गाडी उचलून चालते झाले. बाकीच्यांनी मात्र तिचे म्हणणे उचलून धरले. निरोप गेले. गाण्याच्या बाई आल्या, बेकरीवाला आला आणि काळा चष्मा लावून आजोबाही आले. काही रविवार डॉक्टर कुंपणाबाहेरून नुसते बघत राहिले. मग एकदा आत आले आणि मुकाट्याने डब्यात हात घातला.

काय रंगली ती शर्यत! चाकाला चाक लावून आम्ही पळत होतो. कधी बाई पुढे, कधी आम्ही. शेवटच्या वळणावर मी डॉक्टरांच्या गाडीला जेमतेम मागे टाकले. आमचा नंबर तिसरा, त्यांचा चौथा.

डॉक्टरांनी रिमोट खाली ठेवला आणि आपल्या हातांकडे बघत राहिले. "आजोबा, हात थरथरताहेत हो माझे! इतके दिवस जिंकत होतो, पण असं कधी झालं नाही."

आजोबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "चला, अजून एक होऊन जाऊ दे."

मित्रांनो, आमच्यासारख्यांची काळजी घ्या. खेळ झाला की बॅटरी काढा, चाकांत अडकलेले केस आणि माती साफ करा. तुटलेले जोडता आले तर जोडा, लगेच नवे मागू नका. आणि आमच्याइतकीच काळजी तुमच्या शेजारी रिमोट धरून उभ्या असलेल्या माणसाची घ्या. तो घरी निघून गेला, तर आम्ही कितीही वेगाने पळालो, तरी शर्यत कुणाशी लावणार?