आकडा मोठ्यानं सांगा

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी एटीएम आहे. हसू नका! माझ्या पोटातून आजवर एकही खरी नोट निघालेली नाही हे कबूल. पण एके काळी माझ्यापुढे खऱ्या मशीनपेक्षा मोठी रांग लागायची.

मला एका सुतारानं मोडक्या कपाटाच्या फळ्यांपासून बनवलं. छातीवर निळी काच, खाली आकड्यांची लाकडी बटणं आणि पोटाला दोन फटी, एक कार्डाची आणि एक नोटांची. "आता नुसती जीभ लावायची राहिली," असं म्हणत त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. जीभ लावली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे फार वाटलं.

त्याचं असं झालं. एका बँकेला शहराच्या कडेच्या वस्तीत नवी खाती हवी होती. त्या वस्तीतल्या लोकांची बोली वेगळी, आणि शहराच्या मानानं ते मूठभर. बँकेत गेले की पहारेकरी त्यांना दारातच हटकायचा आणि कारकून कपाळाला आठ्या घालून "काय? काय म्हणालात?" विचारायचा. मग कोण जाईल? त्यांचा पैसा डब्यात, उशीत नाहीतर माळ्यावर पडून असायचा. शेवटी बँकेनं त्याच वस्तीतली एक मुलगी प्रचाराला नेमली. सगळे तिला ताई म्हणत.

ताईची जीभ गोड होती. पोरांना ती सांगायची, "गल्ला फोडावा लागतो, खातं फोडावं लागत नाही!" तरण्यांना हातगाडीसाठी कर्ज कसं मिळतं ते समजावायची. म्हातारी माणसं मात्र मशीनचं नाव काढलं की मागे सरायची. त्यांच्यासाठी ती मला पुढे करायची.

मी कसा चालायचो ते नीट ऐका, सगळा घोळ तिथेच झाला. ताई माझ्या पाठीमागे स्टूल टाकून बसायची. पुढचा माणूस कार्डाचा गुप्त आकडा बटणांवर दाबायचा, पण बटणं लाकडाची. पलीकडे तिला काय कळणार? म्हणून ती ओरडायची, "आकडा मोठ्यानं सांगा!" आकडा ऐकला की फटीतून कागदी नोटा सरकवायची. पुठ्ठ्याचं कार्डही सगळ्यांत मिळून एकच होतं. आपलं झालं की ते मागच्याच्या हातात द्यायचं, ही दुसरी शिस्त. कुणी विसरलं तर ताई लाडानं रागवायची.

या शाळेत पहिला नंबर गुंडीआजीचा. शर्टांना गुंड्या लावून पोट भरणारी, म्हणून हे नाव. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सुईत दोरा ओवायला शेजारणीची मनधरणी करावी लागायची. दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनचे पैसे तिनं गुंडी गुंडी करून साठवले आणि ताईच्या शब्दावर डब्यातून काढून खात्यात टाकले. मग ती रोज माझ्याकडे सरावाला यायची. बटणं चाचपून दाबायची, खणखणीत आवाजात आकडा सांगायची आणि वळून म्हणायची, "घे बाबा, तुझी पाळी." लोक टाळ्या वाजवायचे. मला मात्र धसका बसला. कारण ती सांगायची तो तिच्या बँकेच्या कार्डाचा खरा गुप्त आकडा होता.

बाई गं, जरा हळू! असं मला ओरडावंसं वाटायचं. पण लाकडाला कुठला आवाज?

पुढे वस्तीच्या नाक्यावर बँकेनं काचेच्या खोलीत खरं मशीन बसवलं आणि शोभेला म्हणून मला त्याच्या शेजारी उभं केलं. एका सकाळी गुंडीआजी आली. पहिल्या डोळ्याचे पैसे भरायचे होते. सून कामावर गेली होती. "मला सगळं येतं," असं सांगून आजी एकटीच निघाली होती. तिच्या मागे हेल्मेट घातलेला एक अनोळखी माणूस आत शिरला.

माझ्या फळ्या आकसल्या. आजीनं कार्ड घातलं, बटणं चाचपली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा आकडा सांगितला. हेल्मेट हळूच वर झालं. नोटा आल्या, त्या तिनं कमरेला खोचल्या. आता जा, आजी, कार्ड घेऊन नीट घरी जा! पण ती वळली, हसली आणि आपलं कार्ड त्या माणसापुढे धरलं.

"घे बाबा, तुझी पाळी."

तो क्षणभर गांगरला. मग त्यानं कार्ड घेतलं. आजी दाराबाहेर पडेपर्यंत तो थांबला. दुसऱ्या डोळ्याचे पैसे माझ्या शेजारीच खात्यातून बाहेर आले आणि मी ठोंब्यासारखा बघत राहिलो.

बँकेतला कारकून म्हणाला, "तुम्हीच कार्ड दिलंत, आम्ही काय करणार?" वस्तीत बातमी पसरली. माणसं खाती बंद करायला धावली, डबे पुन्हा घासून ठेवले गेले. ताई आजीच्या दारात जाऊन रडली. "आजी, असं कसं केलंत हो?"

आजीच्या एका डोळ्यावर पट्टी होती. ती म्हणाली, "तू शिकवलंस तसंच केलं. एक तरी चुकलं का माझं?"

 दुसऱ्या दिवशी ताई मला हातगाडीवर घालून वस्तीत परत घेऊन आली. पुठ्ठ्याची कार्डं प्रत्येकाला वेगळी कापून दिली, पाठीमागचं स्टूल काढून टाकलं आणि स्वतः रांगेच्या कडेला उभी राहिली. सुरुवातीला कुणीच फिरकलं नाही. आपण आता चुलीत जाणार, असं मी धरून चाललो होतो.

मित्रांनो, आज माझा रंग उडालाय, पायाला वाळवी लागलीय. तरी एक मागणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काही शिकवाल तेव्हा आपल्या सोयीनं शिकवू नका. ती तुमच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

त्या ओस पडलेल्या जागी पहिली कोण आली, सांगू? गुंडीआजी. नव्या कार्डाला तिनं कापडी पिशवी शिवली होती, तिला मोठी गुंडी लावलेली. दुसऱ्या डोळ्यासाठी ती एका डोळ्यानं पुन्हा शर्टांना गुंड्या लावायला बसली होती. तिनं गोळा झालेल्या सगळ्यांना दरडावलं, "तोंडं फिरवा! तू पण गं, ताई!"

सगळ्यांनी पाठ फिरवली. आजीनं एका हाताचा आडोसा धरला, ओठ घट्ट मिटले आणि नवा आकडा दाबला.

तो आकडा फक्त मला ठाऊक आहे. आणि मला जीभ नाही, हे फार बरं आहे.