उसना भविष्यकाळ

"विल म्हणजे आत्ता ठरवलं. गोइंग टू म्हणजे आधीच ठरलेलं," मास्तर लिफ्टमध्ये भिंतीला टेकून सांगत होते. "आणि गाडी सहाला सुटणार असेल, तर साधा वर्तमानकाळसुद्धा चालतो."

"मग भविष्यकाळ कुठाय?" लिफ्टवाल्या काकूंनी विचारलं.

"इंग्रजी क्रियापदाला स्वतःचा भविष्यकाळ नाहीच, काकू. सगळं उसनं."

"अगं बाई! म्हणजे आमच्याच घरातली दिसतेय."

तिसरा मजला आला आणि मास्तर आपल्या क्लासकडे वळले. खालून घंटी वाजली. "आले, आले!" असं ओरडत काकूंनी जाळीचं दार ओढलं. काकूंची शिकवणी ही अशी, दोन मजल्यांच्या मधे जमेल तेवढी.

काकूंची एकुलती एक लेक परदेशात होती. नवऱ्याने टाकलेली, आणि सोमवारी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया. उशाशी बसायला काळं कुत्रं नव्हतं. व्हिसाच्या मुलाखतीला दुभाष्या हवा तर महिनाभर थांबा, असं कचेरीने कळवलं, तेव्हा काकूंनी इंग्रजीतच बोलायचं ठरवलं. पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात. बुडताही येतं, हे कोणी सांगत नाही.

काचेपलीकडचा अधिकारी तसा वाईट माणूस नव्हता. "विल यू कम बॅक?" त्याने विचारलं.

प्रश्न काकूंना कळला. उत्तरही तोंडपाठ होतं. पण जिवाला एकच घोर, की याला खात्री पटली पाहिजे. मी तिथे राहायला जात नाहीये रे बाबा, लेकीला उठवून बसवते आणि परत येते.

"आय केम बॅक," त्या म्हणाल्या.

त्याने मान वर केली. "केम? यू वेंट बिफोर?"

"येस, येस! केम बॅक. फास्ट."

त्याने संगणकात शोधलं. काकू पूर्वी गेल्याची नोंद कुठेच नव्हती. खोटी माहिती दिली म्हणून त्याने अर्ज नाकारला.

"अहो, केम काय! विल कम!" मास्तरांनी लिफ्टमध्ये कपाळावर हात मारला. "किती वेळा घोकलं आपण!"

"माहीत होतं हो." काकूंचा आवाज फुटला. "पण आपण नाही का म्हणत, आलेच म्हणून? पाऊल उचलायच्या आधीच म्हणतो. त्याहून खात्रीचं काय सांगायचं माणसाने?"

तिसरा मजला आला, पण मास्तर उतरले नाहीत.

सोमवारी दुपारी लेकीचा फोन आला, तेव्हा काकूंनी लिफ्ट मधेच थांबवली. वरचे लोक ओरडले तर ओरडू देत.

"आई, निघालीस ना गं?"

चार दिवस काकूंनी तिला सांगायचं टाळलं होतं. "नाही गं बाळा. नाही मिळाला व्हिसा. माझ्या मेलीच्या जिभेने घात केला."

पलीकडून स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज येत होता.

"रडू नकोस. डॉक्टर चांगले आहेत," लेक म्हणाली. "आत नेतायत मला. येते हं, आई."

काकूंनी पदराने डोळे कोरडे केले आणि आवाज जागेवर आणला.

"ये," त्या म्हणाल्या. "लवकर ये."