चुकेल तो डॉक्टर

मेहुण्याला यात काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकू. काचेची केबिन, 'सिस्टीम प्रमुख' ही पाटी, आणि बहिणीच्या घरी जेवताना मान वर करून बसायची सोय. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेचे मालक डॉक्टर म्हणजे त्याचे दाजी. त्यांची अट एकच होती: तिन्ही शाखांचे रिपोर्ट एका जागी ठेवायचे आणि ज्याचे त्यालाच दिसायचे.

काम अवघड नव्हतं. मधे एक सर्व्हर ठेवायचा. त्यावरचा प्रोग्रॅम दारावरच्या पहारेकऱ्यासारखा. नाव विचारणार, पासवर्ड बघणार, मगच त्या माणसापुरतं कपाट उघडणार.

याची सगळ्यात जास्त निकड होती नोंदणीच्या बाईंना. त्यांचा स्वतःचा रिपोर्ट त्याच सर्व्हरवर होता. यकृताचा जुनाट संसर्ग. औषधं चालू, कामात अडथळा नाही. 'मी सोडून तो कुणी पाहणार नाही,' असा शब्द डॉक्टरांनी दिला होता.

पण डॉक्टरांचाच पासवर्ड रोज सकाळी चुकायचा आणि ते मेहुण्यावर डाफरायचे. मेहुण्याने तोडगा काढला. पासवर्ड चुकला तर माणसाला परत धाडायचं की पाहुणा म्हणून आत घ्यायचं, हे ठरवणारी एक ओळ सेटिंगमध्ये असते. त्याने पाहुणा आत घेतला आणि पाहुण्याला डॉक्टरांचं नाव आणि हक्क देऊन टाकले. म्हणजे जो चुकेल तो डॉक्टर. दाजी खूश, पोरगा डोकेबाज निघाला म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बाईंचं बोट घसरलं आणि समोर सगळी कपाटं सताड उघडी. त्या तडक केबिनमध्ये गेल्या. मेहुणा कान कोरत होता. काडीचं टोक निरखून त्याने ते कीबोर्डच्या कडेला पुसलं.

"ताई, तुम्ही पासवर्ड नीट टाका की. दाजींना दारात अडवू का मी?"

"मला अडवा. पण बाकीच्यांनाही अडवा."

बघतो म्हणाला. बघितलं ते इतरांनी.

आठवड्याच्या आत बाईंचा पेला बेसिनखाली फिनेलच्या बाटलीशेजारी गेला. रोज त्यांच्याबरोबर डबा खाणाऱ्या, रक्ताचे नमुने घेणाऱ्या मुलीला अचानक जिन्यात बसून खायची आवड लागली. शिपाई त्यांच्या पेनाला कागद गुंडाळून सही करू लागला. आणि ही सगळी माणसं दिवसभर रक्त हाताळणारी. हा संसर्ग पेल्यातून होत नाही, असा तक्ता यांनीच भिंतीवर चिकटवलेला.

बाईंनी सर्व्हरची नोंद मागितली. रिपोर्ट चौदा वेळा उघडलेला, चौदाही वेळा डॉक्टरांच्या नावाने. डॉक्टरांनी कागद वाचला, मेहुण्याकडे पाहिलं, मग कागदाची घडी घातली.

"चुकीच्या पासवर्डने आत जाता येतं हे इथे कुणाला ठाऊक होतं?" ते शांतपणे म्हणाले. "तुम्हाला होतं, बाई."

 ती ओळ मेहुण्याने त्याच दुपारी बदलली. वेळीच भोक बुजवल्याची शाबासकी पदरात पडली. डॉक्टरांच्या नावावर डाग आला नाही. डोकावणाऱ्यांची हौस फुकटात भागली. किंमत मोजली ती एकट्या बाईंनी: चोरून आत शिरल्याच्या ठपक्याखाली नऊ वर्षांची नोकरी गेली, आणि निघताना स्वतःचा रिपोर्ट सगळ्यांदेखत, अर्ज लिहून मागावा लागला.