बर्नडेट साबोल जिवंत माणसांकडे वळते

माझी धाकटी बहीण बर्नडेट समोरून येताना दिसली की आमच्या गावातली म्हातारी माणसं रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला जायची. यात तिचा काही दोष नव्हता. ती सोळा वर्षं यान्कुरांच्या फ्युनरल होममध्ये कामाला होती. गेलेल्या माणसाला आंघोळ घालायची, केस विंचरायचे, भुवया रेखायच्या, टाय बांधायचा, हात छातीवर जुळवून ठेवायचे आणि मग दाराशी उभं राहून रडणाऱ्यांपुढे रुमाल धरायचे, ही सगळी कामं बर्नीची. पोलादाची गिरणी बंद पडल्यापासून आमच्या गावात तरुण कोणी राहत नाही, त्यामुळे तिला कामाची कधी ददात पडली नाही.

त्याच रस्त्यावर माझं केस कापायचं दुकान आहे. केस सेट करून झाले की बायका खुर्चीतून उठता उठता मला सांगायच्या, "मार्लिन, बर्नीला म्हणावं, मला जाड भुवया आवडत नाहीत. आत्ताच सांगून ठेवते."

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये एका दुपारी गस पाव्लिक आपल्या जुन्या दोस्ताच्या अंत्यदर्शनाला आला. वय शहात्तर. शवपेटीपुढे उभा राहिला आणि हळूच गुडघ्यावर बसला. लोकांना वाटलं प्रार्थना करतोय. मग तो आडवा झाला. तरी लोकांना वाटलं, फारच दुःख झालेलं दिसतंय. बर्नीनं मात्र त्याच्या चेहऱ्याचा रंग पाहिला. तो रंग तिच्या रोजच्या ओळखीचा. तिनं त्याचा टाय ओढून काढला, छाती दाबायला लागली, आणि भिंतीवरचं शॉक द्यायचं यंत्र, जे तिथे कशाला लावलंय म्हणून सगळे हसायचे, ते मागवलं.

एका शॉकमध्ये गसनं डोळे उघडले. वर बर्नीचा चेहरा, उजवीकडे लिलीची फुलं, डावीकडे शवपेटी.

"बर्नी, नको!" तो किंचाळला. "मी अजून आहे!"

त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. त्याबद्दल तो अजून तक्रार करतो.

संध्याकाळी मी दुकान बंद करत असताना बर्नी आली आणि केस धुवायच्या खुर्चीत बसून राहिली.

"मार्लिन, तो माझ्याशी बोलला."

"शिवी दिली असेल."

"दिली. पण बोलला ना." मग म्हणाली, "मी नर्स होणार."

"आता? चाळिशीला टेकलीस, बाई."

"माझ्या गिऱ्हाइकांत मीच सगळ्यात तरुण आहे."

बर्नीकडे इतिहासाची पदवी होती. ती आजवर कशालाच उपयोगी पडली नव्हती. पण आधीची कुठलीही पदवी असली की वर्ष-सव्वा वर्षात नर्स करून देणारे अभ्यासक्रम असतात, असं तिनं शोधून काढलं. त्याआधी शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र पास व्हावं लागतं. ते तिनं जिल्ह्याच्या कॉलेजात एकोणीस-एकोणीस वर्षांच्या पोरींच्या शेजारी बसून केलं. तिथे चिरफाडीसाठी मांजर दिलं होतं. तास संपल्यावर बाकीच्यांनी आपापली मांजरं बादलीत टाकली. हिनं आपलं मांजर शिवलं आणि विंचरलं. मास्तरांनी ते सगळ्या वर्गाला दाखवलं.

मग प्रश्न आला की प्रवेश कुठे घ्यायचा. मी म्हटलं, मी येते बघायला. मला अशा गोष्टीतलं कळतं, असा माझा समज होता.

पहिलं कॉलेज पिट्सबर्गमध्ये, बारा महिन्यांचं. काचेची इमारत, झुळझुळीत सूट घातलेला सल्लागार, बिस्किटं, आणि दोघींना एकेक कापडी पिशवी. मी तर पिशवीवरच खूश झाले. बर्नीनं विचारलं, "सुरुवात करतात त्यातले शेवटपर्यंत किती टिकतात?"

"आमच्याकडे सगळे एका कुटुंबासारखे राहतात," तो म्हणाला.

"ते छानच. पण किती टिकतात?"

"आमची प्रयोगशाळा पाहिलीत का? सरावाचे पुतळे डोळे मिचकावतात!"

"वॉर्डातल्या ड्यूटीसाठी हॉस्पिटल तुम्ही देता की आम्ही शोधायचं?"

"आमचे विद्यार्थी अगदी स्वावलंबी असतात."

गाडीत बसल्यावर बर्नी म्हणाली, "तो मला तांब्याची पेटी विकत होता."

"काय?"

"आम्हीही तेच करतो, मार्लिन. माणूस साध्या लाकडी पेटीचं विचारतो. आपण त्याला तांब्याच्या पेटीपाशी न्यायचं आणि म्हणायचं, आतलं अस्तर बघा."

दुसरं कॉलेज टेकडीवर, सोळा महिन्यांचं. इमारतीला उकडलेल्या कोबीचा वास. डीन होत्या कॉन्स्टन्स हॅलोरन, सत्तरीच्या, पायात पांढरे बूट. त्यांनी आम्हाला बिस्किटं तर सोडाच, बसा असंही म्हटलं नाही.

"चाळीस घेतो, चौतीस पास होऊन बाहेर पडतात," आम्ही विचारायच्या आत त्यांनी सांगितलं.

"आणि सहा?"

"दोघांना उलटीची किळस येते. तिघांना हातातली नोकरी सोडवत नाही. एकजण मला घाबरून पळतो."

"वॉर्डातली ड्यूटी आम्ही शोधायची का?"

"तुम्हीच शोधणार असाल तर मी इथे कशाला बसलेय?"

परवान्याच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात किती पास झाले त्याचा कागद दारावरच टाचलेला होता. पाच वर्षांचे आकडे. त्यातलं एक वर्ष अगदी वाईट, आणि ते खोडलेलं नव्हतं. बर्नी त्या वाईट आकड्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "इथेच."

"यांनी पिशवीसुद्धा दिली नाही," मी म्हटलं.

त्या सोळा महिन्यांत मी बर्नीला फक्त पाठमोरी पाहिली, पुस्तकावर वाकलेली. वॉर्डात ती हुशार ठरली. किळस नाही, घाई नाही, शंभर किलोचा माणूस एकटीनं कुशीवर वळवायची. पण हातांच्या सवयी कुठे जातात? तिसऱ्या आठवड्यात एका ट्रकचालकाला डुलकी लागली होती. बर्नीनं चादर सारखी केली, त्याचे केस मागे घेतले, दोन्ही हात छातीवर जुळवले आणि हळू आवाजात म्हणाली, "किती शांत दिसतात."

त्याच वेळी त्याची बायको कॉफी घेऊन आत आली. कॉफी पलंगावर, बायको जमिनीवर, आणि ट्रकचालक भाजल्यामुळे चांगलाच जागा.

हॅलोरनबाईंनी बर्नीला कोपऱ्यात घेतलं. "साबोल, तुझे पेशंट ऐकू शकतात. मोठ्यानं बोल. आणि त्यांचे हात त्यांना हवे तिथे राहू देत."

परवान्याच्या परीक्षेत संगणक मध्येच बंद पडला, म्हणजे आपण नापासच, असं म्हणत ती माझ्या दुकानात येऊन रडली. दोन दिवसांनी कळलं की पुरेशी बरोबर उत्तरं मिळाली की संगणक स्वतःच थांबतो. ती पास झाली होती.

आता नोकरी. नर्सेस मिळत नाहीत म्हणून सगळीकडे बोंब, पण प्रत्येक जाहिरातीत खाली एक ओळ असायचीच: एक वर्षाचा अनुभव आवश्यक. बर्नीनं एकतीस अर्ज केले. तीन फोन आले. तिन्ही शेवटचे दिवस मोजणाऱ्या पेशंटांची काळजी घेणाऱ्या संस्थांचे. तिन्हीकडच्या बाईनं म्हटलं, "तुमच्यासारखं माणूस आम्हाला शोधून सापडलं नसतं!"

"काम चांगलंच आहे त्यांचं," बर्नी मला म्हणाली. "पण सोळा वर्षं मी रस्त्याच्या टोकाला उभी होते. आता जरा अलीकडे येऊ देत की मला."

मग आमच्या गावच्याच हॉस्पिटलनं मुलाखतीला बोलावलं. तिथल्या बाईंनी बर्नीला बघितलं मात्र, त्यांना बर्नीनंच शेवटचं तयार केलेल्या आपल्या वडिलांची आठवण झाली आणि त्या हुंदके द्यायला लागल्या. बर्नीनं सवयीनं रुमाल पुढे केला. अर्धा तास वडिलांच्या आठवणीत गेला. शेवटी बाई म्हणाल्या, "तू किती गोड आहेस गं. पण आमचे पेशंट तुला बघून काय समजतील?"

त्यावर मी बर्नीचा अर्ज सुधारून दिला. फ्युनरल होम काढलं आणि लिहिलं: 'कौटुंबिक व्यवसायात सोळा वर्षं ग्राहकसेवा'. बर्नीला ते पटलं नव्हतं. पण पंचवीस मैलांवरच्या मोठ्या हॉस्पिटलचं बोलावणं आलं, हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डातून.

वॉर्डाच्या प्रमुख लुरीन बँक्स बाल्टिमोरहून आलेल्या, त्यामुळे बर्नीला ओळखत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "नातेवाइकांची भांडणं कधी हाताळलीत?"

"हो. एकदा एकाच नवऱ्याच्या दोन बायका आल्या होत्या. दोघींना पहिल्या रांगेत बसायचं होतं."

"कुठे? नाटकाला?"

"कार्यक्रमच होता तसा," बर्नी म्हणाली आणि तिचे कान लाल झाले.

मुलाखतीनंतर लुरीन तिला वॉर्ड दाखवायला घेऊन गेल्या. चारशे बारा नंबरच्या खोलीच्या दाराशी थांबून त्यांनी कपाळाला हात लावला. "हे मिस्टर वोयचिक. ऑपरेशनला पाच दिवस झाले. आम्ही सगळ्यांनी हातापाया पडून पाहिलं, पण पलंगावरून पाय खाली ठेवायला तयार नाहीत."

स्टॅन वोयचिक आमच्याच गावचा. त्यानं मान वळवली. दारात बर्नी साबोल, अंगात काळा सूट, कारण तिच्याकडे दुसरा चांगला सूटच नव्हता.

"हिला कोणी बोलावलं?" स्टॅन ओरडला. "माझ्या पोरीनं ना? घाईच झालीय तिला!" टाक्यांना ताण बसू नये म्हणून एका हातानं छातीशी उशी घट्ट धरून तो उठून बसला, पाय खाली टाकले, वॉकर ओढला आणि बर्नीच्या बाजूनं थेट नर्सेसच्या टेबलापर्यंत चालत गेला. "लिहून घ्या! चाललो! सगळ्यांनी बघितलंय!"

मागून दोन नर्सेस खुर्ची घेऊन धावल्या. लुरीन हळूच बर्नीकडे वळल्या. "ही ग्राहकसेवा नक्की कसली होती?"

बर्नीनं सगळं खरं सांगितलं. लुरीन इतक्या हसल्या की भिंतीला टेकल्या. बर्नी मात्र हसली नाही. स्टॅनला परत पलंगावर बसवल्यावर, "दोन मिनिटं जाऊ का?" असं विचारून ती आत गेली आणि त्याच्या समोर खुर्ची ओढून बसली.

"स्टॅन, मी तुला न्यायला आलेली नाही. नोकरी मागायला आलेय. मी आता नर्स आहे."

स्टॅननं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यान्कुराचं सोडलंस?"

"सोडलं."

"कंटाळलीस?"

"कोणी उलट बोलायचंच नाही रे तिथे."

त्यानं उशी पुन्हा छातीशी धरली. मग म्हणाला, "मी आज मरत नाहीये ना?"

"छाती दुखतेय? श्वास लागतोय?"

"दुखतेय, पण तुझ्यामुळे पळालो म्हणून."

तिनं त्याच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली, पूर्ण मिनिटभर. "आज नाही," ती म्हणाली. "पण उद्या पुन्हा चालायचंस. मी नसले तरी."

"बरं. मग तो पाण्याचा ग्लास दे इकडे."

लुरीन दाराशी उभ्या राहून हे ऐकत होत्या. गुरुवारी फोन आला. नोकरी मिळाली, अट एकच: कामावर येताना काळं काहीही घालायचं नाही. अर्जातली ती ओळ कोणी लिहिली, असंही त्यांनी विचारलं. बर्नीनं माझं नाव सांगून टाकलं.

कामावर लागून तीन आठवडे झाले असतील. मी मिसेस डुदाशच्या डोक्याला रंग लावत होते आणि बर्नीचा फोन आला. आवाज घोगरा.

"मार्लिन, माझी चारशे अकरा नंबरची पेशंट. ती शाळेतली बाई. मी पहिल्यापासून बघत होते तिला."

"काय झालं?"

"गेली."

माझ्या हातातला ब्रश मिसेस डुदाशच्या कानावर पडला. "अरे देवा. कधी? कशानं?"

"अगं, घरी गेली! मुलाच्या गाडीतून. पुढच्या सीटवर बसून. मी चाकांची खुर्ची ढकलत दारापर्यंत सोडायला गेले होते, तर तिनं काच खाली केली आणि मला म्हणाली, तुझे हात फार गार आहेत, हातमोजे घालत जा."

"मग तू काय म्हणालीस?"

"नुसता हात हलवला गं. रिकामी खुर्ची घेऊन तिथेच उभी होते. पहारेकरी म्हणाला, बाई, मागे अँब्युलन्स आलीय, जरा सरका."