दादाचा चमचा

आईच्या काळजाचा तुकडा म्हणजे थोरला. धाकटा हा नुसताच मुलगा. ही वाटणी धाकट्याला कळायला लागायच्या आधीच होऊन गेली होती, त्यामुळे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही कधी तक्रार केली नाही.

वडिलांच्या मागे सोफे-खुर्च्या दुरुस्तीचं दुकान थोरल्याकडे गेलं आणि धाकटा त्याच दुकानात कामाला लागला. चौकटीवर कापड ताणायचं, तोंडातले बारीक खिळे एकेक काढून ठोकायचे. दिवसभर तोंडात खिळे, म्हणून बोलणं कमी आणि म्हणूनच नाव पडलं खिळ्या. थोरल्याने हाक मारली की हातातलं टाकून तो धावायचा. कारागीर एकमेकांना डोळा मारून म्हणायचे, "निघाला दादाचा चमचा." खिळ्याला त्याचंही वाईट वाटायचं नाही. आपण कोणाचे तरी काहीतरी आहोत, एवढं त्याला पुरे होतं. काही माणसं अशी स्वस्तात मिळतात.

थोरला प्यायचा. आई म्हणायची, धंद्याचा ताण असतो त्याला. खिळ्याने दारूचा थेंब कधी चाखला नव्हता. थोरल्याला खांद्यावर टाकून घरी आणायचं काम तेवढं त्याचं. शेवटी एक दिवस थोरल्याच्या यकृताने हात टेकले. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी सांगितलं, दारू कायमची बंद, आणि घरातल्या कोणाच्या तरी यकृताचा तुकडा काढून याला बसवावा लागेल. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. आईचं वय झालेलं. वहिनीचा रक्तगट जुळेना. जुळला तो खिळ्याचा.

त्या दिवसापासून घर बदललं. खिळ्याची वळकटी बाहेरच्या खोलीतून आतल्या पलंगावर गेली. त्याला आधी वाढायचं, मग बाकीच्यांना. शेजारीण आली की आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "माझ्या काळजाचा तुकडा आहे हो हा." ते आता अक्षरशः खरं होतं. तुकडा कापायचा तेवढा बाकी होता. पण खिळ्याला तो शब्द आपल्यासाठी पहिल्यांदाच ऐकू आला होता, आणि तो ऐकून त्याचे डोळे भरून यायचे.

डॉक्टरांनी दोघा भावांनाही वहिनीसमोर बजावलं होतं, ऑपरेशनपर्यंत आम्हाला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. गोळी नाही, काढा नाही, चूर्ण नाही. वहिनीने मान डोलावली आणि त्याच आठवड्यात सासूच्या नकळत एक हिरवा डबा घरी आणला. तिच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं होतं, लिव्हर कसं लख्ख होतं म्हणून.

"वहिनी, डॉक्टर नको म्हणालेत ना?"

"औषध नको म्हणालेत. हा पाला आहे. पाल्याने कधी कोणाचं वाईट झालंय?"

डब्यावर दिवसाला एक चमचा लिहिलं होतं. वहिनीने दोन घेतले. खिळ्याने तिच्याकडे पाहिलं.

"एक तुझा, एक दादाचा," ती म्हणाली. "अर्धं लिव्हर त्याच्याकडेच जायचंय ना? मग त्या अर्ध्याला उपाशी ठेवायचं का?"

खिळ्याने दोन्ही चमचे तोंडात टाकले. चूर्ण इतकं कडू की जीभ आखडून जायची. पण तो गिळेपर्यंत वहिनी शेजारी उभी राहायची, "फार कडू आहे का रे?" असं विचारायची आणि हातावर चिमूटभर साखर ठेवायची. कडू लागतंय का, हे त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तेवढ्या प्रश्नासाठी त्याने डब्याचं झाकणसुद्धा चावून खाल्लं असतं.

पुढे त्याची भूक मेली. अंगाला खाज सुटली. त्याने वहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, "घाण बाहेर पडतेय. गुण येतोय म्हणायचं." आणि चमचे चालूच राहिले.

ऑपरेशनच्या आधी शेवटच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी तिघांना खोलीत बोलावलं. थोरला वरच्या मजल्यावर पडून होता.

"यांच्याच लिव्हरला सूज आलीय," डॉक्टर म्हणाले. "असं लिव्हर मी कापू शकत नाही. काय घेत होते हे?"

आईने सुनेकडे पाहिलं. खिळ्यानेही पाहिलं. वहिनीने पदर सारखा केला.

"आता लाज धरून काय करू, डॉक्टर? हा चोरून पितो."

आईला क्षणभरही शंका आली नाही. "तरीच," ती म्हणाली. "पहिल्यापासून नासका आहे मेला. माझ्या लेकराच्या मुळावर उठला." आणि तिने आपली खुर्ची त्याच्यापासून बाजूला ओढली.

डॉक्टरांनी हात वर केला. "थांबा. आधी नीट ऐका. एखादं चूर्ण, पाला पोटात गेला असेल, तर बंद केल्यावर सूज बहुतेक उतरते. काही आठवड्यांनी पुन्हा तपासू. पेशंट तेवढी कळ काढेल. पण चोरून पिणारा माणूस आम्ही घेत नाही. त्याचं नाव कायमचं कटतं, आणि तुमच्याकडे दुसरं कोणी नाही." मग ते खिळ्याकडे वळले. "तुम्हीच सांगा. पिता का?"

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. आपण काय बोलून बसलो ते तिला आत्ता कळलं. ती खिळ्याकडे बघू लागली. नाही म्हण, चूर्णाचं सांग, असं तिचा सगळा चेहरा विनवत होता. बोलायला तिला स्वतःचं तोंड होतं, पण शेजारी सासू बसली होती. आणि खिळ्या काय, तो खरं तेच बोलणार; आजवर दुसरं काय केलं होतं त्याने?

खिळ्या आईच्या सरकलेल्या खुर्चीकडे बघत होता. त्याला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि साठलेला सगळा एकदम.

"हो," तो म्हणाला. "पितो."

डॉक्टरांनी फाइल मिटली.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याची वळकटी बाहेरच्या खोलीत येऊन पडली होती. शेजारी खुर्चीवर आई थोरल्याचं नाव घेऊन रडत होती. खिळ्या सरळ स्वयंपाकघरात गेला. वहिनी हिरवा डबा मोरीत उपडा करायच्या बेतात होती.

"भाऊजी," ती पुटपुटली. इतक्या वर्षांत ती त्याला पहिल्यांदाच भाऊजी म्हणत होती. "उद्या डॉक्टरांना खरं सांगून टाकू या. तुम्ही सांगा ना."

"तुम्हीच सांगा. आई बाहेर बसलीय. आधी तिला सांगा."

वहिनीने दाराकडे पाहिलं. बाहेरून रडण्याचा आवाज येत होता. ती जागची हलली नाही.

खिळ्याने तिच्या हातातून डबा घेतला. फडताळातला चमचा काढला, शीग लावून भरला आणि तिच्या तोंडाशी धरला.

"माझा आता नको," तो म्हणाला. "हा दादाचा."

ती गिळेपर्यंत तो शेजारी उभा राहिला.

"फार कडू आहे का, वहिनी?" त्याने विचारलं. साखरेचा डबा हाताशीच होता. तो त्याने उघडला नाही.